आंधळ्या बाईच्या दुकानात

पंचाहत्तरीच्या म्हाताऱ्याने संगणकावरच्या खेळाबद्दल लिहायला घ्यावे हे जरा विचित्रच. "आता तेवढंच राहिलं होतं," असे आमच्या सौ. म्हणाल्याच. पण गेल्या पावसाळ्यात नातू महिनाभर आमच्याकडे होता, बाहेर धो धो पाऊस, वीज सारखी जाणारी, आणि त्याच्या लॅपटॉपवर हा खेळ. आधी मी त्याच्या शेजारी बसून नुसता बघत होतो. चौथ्या दिवशी मी वही आणि पेन्सिल घेऊन बसलो. नातू म्हणाला, "आजोबा, बरोबर केलंत. हा खेळ वहीशिवाय खेळताच येत नाही."

खेळाचे नाव 'अल्टिमा ४ : क्वेस्ट ऑफ द अवतार'. साल १९८५. म्हणजे मी शाळेत इतिहास आणि मराठी शिकवत होतो, आणि संगणक ही वस्तू मी फक्त वर्तमानपत्रातल्या फोटोत पाहिली होती, त्या काळातला.

नाव वाचून मी पहिल्यांदा हसलो. आपल्याकडे 'अवतार' म्हणजे एक तर देवाचा, नाही तर चिखलात लोळून घरी आलेल्या पोराचा. "काय हा अवतार!" असे आईने म्हटले की थेट न्हाणीघर गाठायचे. पण हा शब्द टेक्सासमधल्या एका तरुणाने आपल्या धर्मातून उचलला आणि त्याचा खेळ केला. आज पोरे फोनवर स्वतःचे जे चित्र लावतात त्यालाही 'अवतार' म्हणतात. त्या वापराची सुरुवात ज्या दोन-चार ठिकाणी शोधली जाते त्यांतले हे एक जुने ठिकाण.

या तरुणाचे नाव रिचर्ड गॅरियट. जन्म १९६१ चा, इंग्लंडमधल्या केंब्रिजचा. वडील ओवेन गॅरियट हे नासाचे अंतराळवीर. १९७३ साली ते स्कायलॅबवर जवळजवळ साठ दिवस राहून आले आणि १९८३ साली पुन्हा अवकाशात गेले. (मुलगाही पुढे २००८ साली स्वतःचे पैसे भरून आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर गेला. खेळ विकून माणूस अवकाशात जाऊ शकतो हे आमच्या वेळी करिअर मार्गदर्शनाच्या तासाला कोणी सांगितले नाही!) संगणकाच्या एका उन्हाळी शिबिरात हा मुलगा इतर अमेरिकन पोरांसारखे 'हाय' न म्हणता 'हॅलो' म्हणाला, म्हणून पोरांनी त्याला 'ब्रिटिश' ठरवले. ते टोपणनाव त्याने आयुष्यभर मिरवले. त्याच्या खेळातला राजाही 'लॉर्ड ब्रिटिश', आणि राज्याचे नाव ब्रिटानिया.

रोल-प्लेइंग गेम म्हणजे काय हे मला नातवाकडून समजून घ्यावे लागले. साध्या भाषेत सांगायचे तर सोंग घेण्याचा खेळ, आपल्या बहुरूप्यासारखा. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ काढला. चार मित्र टेबलाभोवती बसणार, कागदावर आपापले पात्र लिहिणार, फासे टाकणार आणि एक जण गोष्ट सांगणार. गॅरियट शाळेत असताना याच्या नादाला लागला आणि शाळेतल्या टेलिटाइप यंत्रावर त्याने या पद्धतीचे अठ्ठावीस खेळ लिहिले. अठ्ठाविसावा 'अकालाबेथ'. त्याच्या प्रती तो ज्या संगणकाच्या दुकानात काम करत होता तिथेच प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून विकल्या गेल्या. मग १९८१ मध्ये पहिला अल्टिमा, ८२ मध्ये दुसरा, ८३ मध्ये तिसरा. तिसऱ्याच्या वेळी त्याने भावाबरोबर 'ओरिजिन' ही स्वतःची कंपनी काढली.

इथपर्यंतची गोष्ट अशा कोणत्याही हुशार पोराची असते. मला रस वाटला तो पुढच्या भागात.

पहिल्या तिन्ही खेळांत एकेक दुष्ट होता. मोंडेन, मग मिनॅक्स, मग एक्झोडस. त्याला मारले की खेळ संपला. पण त्याला मारण्याइतकी ताकद यायची तर पैसा हवा, शस्त्रे हवीत. मग खेळणारे काय करत? गावातल्या दुकानातून चोरी करत, निरपराध गावकऱ्यांना मारून त्यांचे पैसे घेत, आणि शेवटी जगाचे तारणहार ठरत. खेळात त्याला काहीच आडकाठी नव्हती. स्वतःची कंपनी निघाल्यावर खेळणाऱ्यांची पत्रे पहिल्यांदाच थेट गॅरियटच्या हातात पडू लागली. लोक आपला खेळ कसा खेळतात हे त्याला त्यातून कळले. मुलांना बिघडवतोस असे खडसावणारी पालकांची पत्रेही त्यात होती. चोविशीतही न पोचलेला हा मुलगा. 'खेळ आहे, मनावर काय घेता' असे म्हणून त्याला मोकळे होता आले असते. त्याने पुढच्या खेळातून खलनायकच काढून टाकला.

अल्टिमा ४ मध्ये कोणाला मारून जिंकायचे नाही. आठ सद्गुण अंगी आणायचे आणि मग जमिनीखालच्या एका भयंकर विवरात उतरून ज्ञानाचा ग्रंथ पाहायचा. बस्स. राज्यात संकट नाही, युद्ध नाही. लोकांसमोर एक चांगला माणूस उभा राहावा, एवढीच राजाची इच्छा.

हे आठ गुण कसे आले तेही पाहण्यासारखे आहे. मूळ तत्त्वे तीन : सत्य, प्रेम आणि धैर्य. नुसत्या सत्यातून प्रामाणिकपणा, नुसत्या प्रेमातून करुणा, नुसत्या धैर्यातून शौर्य. सत्य आणि प्रेम मिळून न्याय, प्रेम आणि धैर्य मिळून त्याग, सत्य आणि धैर्य मिळून इमान. तिन्ही एकत्र आली की अध्यात्म. आणि तिन्हींपैकी काहीच नाही, तेव्हा नम्रता. आमच्या शाळेतले गणिताचे सर असते तर फळ्यावर तीन वर्तुळे काढून लगेच दाखवले असते. नम्रता ही कशाचीच बनलेली नाही, हे पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला चूक वाटले. नंतर दोन दिवस तेच डोक्यात घोळत राहिले.

खेळ सुरू होतो तो एका जत्रेपाशी. गाडीत बसलेली एक जिप्सी बाई पत्ते मांडते आणि सात प्रश्न विचारते. दर प्रश्नात दोन गुण समोरासमोर. समजा, कोणीतरी न मोजलेल्या मोहरांची थैली तुमच्या हाती पोचवायला दिली आहे आणि वाटेत भिकारी भेटला. एक मोहर त्याला देणार की थैली होती तशी पोचवणार? दोन्ही उत्तरे बरोबर. पण एक निवडले की दुसरे मागे पडते, आणि शेवटी जो गुण उरतो त्यावरून तुमचे पात्र ठरते. नातू आला कवी-गायक, करुणेचा. मी सातही प्रश्नांची मनापासून उत्तरे दिली आणि निघालो मेंढपाळ. नम्रतेचा! नातू पोट धरून हसला, कारण मेंढपाळ हे खेळातले सर्वांत दुबळे पात्र. त्याची सुरुवात होते मॅजिन्शिया नावाच्या, गर्वामुळे उद्ध्वस्त झालेल्या गावात, भुताखेतांच्या संगतीत. म्हटले, असू दे. धनगराच्या पोरालाही मी इतिहास शिकवला आहे, आता धनगर होऊन पाहू.

आता ज्या जागेसाठी हा लेख लिहायला घेतला तिथे येतो.

मंत्र करायचे तर जडीबुटी लागते. लसूण, जिनसेंग, गंधकाची राख, कोळ्याचे रेशीम, असले सामान. ते विकणारी बाई आंधळी आहे. ती तुमच्या मालाची किंमत सांगते आणि किती देता ते विचारते. आकडा तुम्ही टाकायचा. नातवाने चाळीसच्या जागी एक मोहर टाकली. माल हातात पडला. कोणी ओरडले नाही, शिपाई आला नाही. "बघा आजोबा, बग आहे," तो खुशीत म्हणाला. पुढे आठवडाभर तो असाच माल घेत राहिला.

बग नव्हता. खेळ आतल्या आत प्रत्येक गुणाचा हिशेब ठेवतो आणि तो पडद्यावर कुठेच दाखवत नाही. आंधळ्या बाईला एकदा फसवले की प्रामाणिकपणा, न्याय आणि इमान तिन्ही घसरतात. राजवाड्यात हॉकविंड नावाचा एक द्रष्टा आहे. त्याला आपली प्रगती विचारायला नातू गेला, तेव्हा त्याने असे खडे बोल सुनावले की पोराचा चेहरा उतरला. त्या क्षणी मला या गॅरियटला शाबासकी द्यावीशी वाटली. कोणी पाहत नसताना माणूस काय करतो ते त्याने मोजले, आणि मोजतो आहे हे सांगितले नाही. आपल्या मोक्षपटातही पुण्याच्या शिड्या आणि पापाचे साप होतेच. परंपरेने त्याचे श्रेय ज्ञानेश्वरांना देतात. तोच खेळ साहेबाच्या देशात जाऊन नुसती सापशिडी झाला. पण तिथे फासा पडेल तसे पुण्य. आंधळ्या बाईच्या दुकानात फासा नाही.

आता दुसरी बाजू. मास्तर आहे, लाल शाई वापरल्याशिवाय राहवणार नाही.

एक तर खेळ कंटाळवाणाही तितकाच आहे. मंत्राच्या पुड्या एकेक करून बांधायच्या. आठ जणांची टोळी जमल्यावर प्रत्येक लढाईत प्रत्येकाला हाताने पुढे सरकवायचे. गावकऱ्यांशी बोलताना नेमका शब्द टाइप केला तरच उत्तर, एक अक्षर चुकले की तो तुम्हाला वेड्यात काढणार. दोन दुर्मिळ जिनसा तर विशिष्ट जागी, दोन्ही चंद्रांची अमावास्या असतानाच सापडतात. आणि सगळ्यात कहर म्हणजे शेवट. त्या विवरात तासन्‌तास उतरून गेल्यावर प्रश्न विचारतात. चुकलात की थेट बाहेर, पुन्हा पहिल्यापासून! इतकी क्रूर परीक्षा आमच्या बोर्डानेही कधी घेतली नाही. (शेवटचे उत्तर काय ते सांगत नाही. ज्यांना खेळायचे असेल त्यांनी शोधावे. २०११ पासून हा खेळ अधिकृतपणे फुकट मिळू लागला.)

इंग्रजीचे म्हणाल तर तिथे मात्र मी नातवाच्या पुढे होतो. खेळातले लोक 'दाऊ' आणि 'दी' करून जुन्या वळणाचे बोलतात. माझे बी.ए. मराठी माध्यमातून झालेले असले तरी सक्तीच्या इंग्रजीत शेक्सपिअरचे उतारे घोकले होते, ते पन्नास वर्षांनी उपयोगी पडले. खेळाबरोबर पूर्वी डब्यात कापडावर छापलेला नकाशा येत असे, त्यावरची गावांची नावे रुनिक लिपीत. ती लावायला मला फार मजा आली. मोडीचा एखादा कागद लावताना येते तशी.

पण हे झाले वरवरचे. खरा दोष वेगळा आहे आणि तो खेळाच्या मोठेपणाला चिकटूनच आहे. एकदा कळले की हिशेब आहे, की माणूस हिशेबाने वागू लागतो. नातवाने इंटरनेटवर वाचले आणि चक्र उलटे फिरले. भिकाऱ्याला एक मोहर दिली तरी करुणा वाढते, मग एकेकच मोहर द्यायची. वैद्याकडे रक्तदान करायचे, त्याग वाढतो, मग बरे होऊन पुन्हा द्यायचे. त्याच आंधळ्या बाईकडे स्वस्तातली पुडी चोख पैसे मोजून पुन्हा पुन्हा घ्यायची, प्रामाणिकपणा परत येतो. आठ दिवसांत पोरगा संत! आणि शौर्य कशाने वाढते? मारलेल्या राक्षसांच्या संख्येने. राक्षस हा जन्मानेच दुष्ट, त्याला मारण्यात पाप नाही, हे गृहीतच.

'अवतार' या शब्दातही मला हाच घोळ दिसतो. अवतरणे म्हणजे खाली येणे. देव खाली येतो. यांच्या खेळात माणूस गुणांच्या पायऱ्या चढत वर जातो आणि वर पोचला की त्याला अवतार म्हणतात. दिशाच उलटी. अध्यात्माच्या देवळात ध्यान लावायचे तर मंत्र आहे 'ओम'. बाकीच्या सात देवळांचे मंत्र त्यांनीच बनवलेले आहेत, हाच तेवढा आपल्या ओळखीचा. त्या देवळात ध्यान पुरे झाले की आठ हिश्श्यांपैकी एक हिस्सा अवतारपण पदरात पडते. आणि पुढे वाईट वागलात की तो हिस्सा काढूनही घेतात. पगारवाढ रोखल्यासारखा.

हे लिहिताना मी हसतो आहे, पण हसण्याचा मला फारसा अधिकार नाही.

आमच्या शाळेत मी एके वर्षी सचोटीचे दुकान काढले होते. व्हरांड्यात एक टेबल, त्यावर पेन्सिली, खोडरबर, वह्या, किमतीची पाटी आणि एक पत्र्याचा डबा. विकायला कोणी नाही. पहिले तीन महिने हिशेब कधी चार आणे कमी, कधी आठ आणे जास्त. मी खूश होतो. मग मला अवदसा आठवली. कोणत्या वर्गाच्या वारी हिशेब चोख आला ते दर शनिवारी फळ्यावर लिहायचे, आणि सत्राअखेर पहिल्या वर्गाला बक्षीस. झाले, त्यानंतर डबा एकदाही चुकला नाही. कमी पडले तर वर्गाचा मॉनिटर वर्गणी काढून भरत असे, हे मला माहीत नव्हते. एका शनिवारी साडेतीन रुपये कमी आले. वर्गाने एका मुलाचे नाव सांगितले. त्याची परिस्थिती गरीब, अंगावर थोरल्या भावाचा शर्ट. मी त्याला प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेसमोर उभे करून विचारले. तो काही बोलला नाही. न बोलणे म्हणजे कबुली, असे मी धरले.

दोन आठवड्यांनी कळले की मॉनिटरनेच सुट्टे करायला पैसे काढले होते आणि ते त्याच्या कंपासपेटीत राहिले होते. मी त्या मुलाला स्टाफरूममध्ये बोलावून चूक झाली म्हणालो. स्टाफरूममध्ये. प्रार्थनेच्या वेळी नाही. तो "हो सर" म्हणाला आणि गेला. पुढे वर्षभर तो पेन्सिल बाजारातून आणत असे, आमच्या टेबलाकडे फिरकला नाही. त्या वर्षी बक्षीस त्याच्याच वर्गाला मिळाले.

म्हणून गॅरियटने पुढे काय केले ते शोधायची मला उत्सुकता होती. आणि तो गडी तिथे थांबला नव्हता. १९८८ साली अल्टिमा ५ आला. राजा हरवला आहे आणि त्याच्या जागी ब्लॅकथॉर्न राज्य करतो आहे. त्याने त्याच आठ सद्गुणांचे कायदे केले आहेत. खोटे बोलाल तर जीभ जाईल. निम्मी कमाई दान करा, नाही तर कमाईच राहणार नाही. सद्गुण तेच, शब्द तेच, आणि राज्यात सगळीकडे भीती. चौथ्या खेळात उपदेश केला म्हणून ज्यांनी नाक मुरडले असेल त्यांना लेखकाने स्वतःच तीन वर्षांत उत्तर दिले होते. माझ्या मते निव्वळ खेळ म्हणून पाचवा चौथ्यापेक्षा सरस आहे, पण चौथा खेळल्याशिवाय त्याची धार कळत नाही.

मग १९९० साली सहावा, 'द फॉल्स प्रॉफेट'. सुरुवातीलाच शिंगे-पंखवाले लाल राक्षस तुम्हाला वेदीवर बांधून बळी द्यायला निघालेले. वाटते, दुष्टच ते. हळूहळू कळते की हे गार्गॉइल नावाचे लोक आहेत. त्यांना भाषा आहे, ग्रंथ आहेत, सद्गुणांची त्यांची स्वतःची व्यवस्था आहे. चौथ्या खेळात तुम्ही जो ज्ञानाचा ग्रंथ मिळवलात तो मुळात त्यांचा होता, आणि तो गेल्यामुळे त्यांचे जग कोसळते आहे. त्यांच्या पोथीत एका खोट्या प्रेषिताचे भाकीत आहे, आणि तो प्रेषित म्हणजे तुम्ही. आठही गुण पुरे करून आलेला अवतार! शेवटी कोणाला मारायचे नाही. तो ग्रंथ अशा ठिकाणी पोचवायचा की दोन भिंगांमधून दोन्ही बाजूंना वाचता येईल.

चौतीस वर्षे इतिहास शिकवला. स्वारी एकाची असते आणि लूट दुसऱ्याच्या घरची असते, हे मी फळ्यावर किती वेळा लिहिले असेल. पण विजयी वीराला तू चोर आहेस असे त्याच वीराच्या पुढच्या गोष्टीत सांगायला धाडस लागते. चौथ्या खेळातला सर्वांत मोठा दोष, की दुष्ट कोण ते आधीच ठरलेले आहे, तो त्याच माणसाने पाच वर्षांनी उघड्यावर मांडला. १९९२ साली ओरिजिन मोठ्या कंपनीने विकत घेतली. त्यानंतरच्या भागांबद्दल नातू फारसे बरे बोलत नाही. मी ते खेळलेलो नाही.

नातवाने सुट्टी संपायच्या आत ग्रंथ गाठला. दुसऱ्या खेपेला. पहिल्या खेपेला शेवटच्या प्रश्नाला अडला होता आणि वही माझ्याकडे होती. जाताना माझ्या संगणकावर खेळ घालून दिला आहे. जडीबुटीवाल्या बाईला मी पहिल्यापासून चोख पैसे देतो. सात हिस्से झाले आहेत. अडले आहे ते नम्रतेपाशी. खेळातला एक जण बोलता बोलता विचारतो, तू सगळ्यांत चांगला आहेस का? मी आपले खरे ते सांगितले, आणि नम्रता घसरली. सौ. म्हणाल्या, "खेळाला बरं कळलं." आता पुन्हा मॅजिन्शियापासून हिंडतो आहे.